खोलीत कोण कोण आहे

थ्रेशरचा आवाज आता गावाच्या चारी बाजूंनी येतो. सकाळी अंगण झाडावं, तर दहा वाजेपर्यंत त्यावर पुन्हा भुरकट थर बसलेला. सोयाबीनचं कुटार, मळणीतला बारीक भुसा, वाऱ्यावर येतं आणि जागा मिळेल तिथं बसतं. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या साड्यांच्या घडीत, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर. याचा वास मला आवडतो. कोरडा, थोडा कडवट, उन्हात तापलेल्या शेंगांचा वास. मी लग्न होऊन कामरगावात आले तेव्हा हा वास इथं नव्हता. ज्वारी होती, कापूस होता. मग सोयाबीन आलं आणि दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांना हा वास चिकटला. यंदा मात्र तो नाकात गेला की मी खिडकी लावून घेते.

अन्वी, ओम, हे मी हातानं लिहिते आहे. दोन प्रती काढीन. एक एडिनबर्गला जाईल, एक टोरांटोला. कारंज्यात कार्बन पेपर मागितला तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला, तेव्हा सगळं दोनदा लिहावं लागेल. लिहीन. वेळ आहे, आणि अक्षर अजून ओळीवर बसतं. ग्रुपवर का टाकत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अन्वी, तुला तर नकोच.

पण आधी मला एका जुन्या सोयाबीनकडे जाऊ द्या.

तुमचे बाबा अमेरिकेला शिकायला गेले, त्या वर्षीचं ते सोयाबीन. शेखर घरातून निघाला तेव्हा पीक गुडघ्याएवढं होतं आणि सोंगणी सुरू झाली तेव्हा त्याला जाऊन दोन महिने झाले होते. बसस्टँडजवळच्या बूथवरून फोन लागायचा, पण लागला की आमचाच आवाज क्षणभरानं आमच्या कानात परत यायचा. ‘कसा आहेस?’ म्हटलं की ‘कसा आहेस?’ ऐकू यायचं. तुमच्या आजोबांनी दोनदा तो प्रयोग केला आणि तिसऱ्या वेळी ते बूथच्या बाहेरच उभे राहिले. “तूच बोल. मले माह्याच आवाजाशी नाही बोलायचं.”

मार्ग काढला तो नंदूनं. नंदू म्हणजे तुमचा नंदूकाका, आजोबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. आज तो गावात शेती करतो, ठिबकचं दुकान चालवतो आणि आमच्या शेजारीच राहतो. तेव्हा तो नागपूरला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होता. दसऱ्याला घरी आला आणि म्हणाला, “काकू, तुमी कारंज्याले चला. शेखरदादाशी बोलून देतो. लिहून बोलायचं.”

आजोबा बैठकीत बसले होते. “लिहून बोलायचं म्हंजे पत्रच न बे?”

“पत्र नाही काका. समोरासमोर.”

“समोर कुठी हाये तो? तो तं त्या टोकाले बसून हाये.”

“तुमी चला तं खरं.”

कारंज्यात शोभा इंगोलेचा टायपिंगचा क्लास होता. शोभा माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर घेतले होते. रविवारी क्लास बंद असायचा. बाहेरच्या खोलीत रेक्झिनचे टोप घातलेली टाइपरायटर यंत्रं रांगेनं बसलेली असायची, पहिल्या तासाला शिक्षक न आल्यामुळे गप्प बसलेल्या वर्गासारखी. आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. शोभा म्हणायची, “मॅडम, लाइन लागली तर लागली हं,” आणि मग कॉम्प्युटरला जोडलेल्या मोडेमच्या डब्यातून आवाज निघायचा. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. आजोबा दर वेळी म्हणायचे, “थ्रेशरात गोटा गेला वाट्टे.”

मग पडद्यावर एक पांढरी चौकट उघडायची. नंदूनं तिथं गावाच्या नावाची एक खोली केली होती. त्याचा शब्द चॅनेल, पण आम्ही खोलीच म्हणायचो. चौकटीच्या उजव्या हाताला एक अरुंद रकाना होता आणि त्यात नावं एकाखाली एक. ज्याचं नाव रकान्यात, तो खोलीत. ज्याचं नाव नाही, तो नाही. कुणी आलं की ओळ उमटायची, अमुक आत आला. कुणी गेलं की ओळ उमटायची, अमुक गेला. एखाद्याची लाइन तुटली तर तेही सांगितलं जायचं. आपण येण्यापूर्वी काय बोलणं झालं ते दिसत नसे. आपण गेल्यावर काय बोलतील ते कळत नसे. मला हे फार नीटनेटकं वाटलं. माझ्या वर्गात हजेरी जशी असायची तसं. आमचं दोघांचं मिळून एकच नाव होतं, ‘आईबाबा’, कारण खुर्च्या दोन असल्या तरी फोनची लाइन एकच होती.

जो आधी येईल त्याच्या नावापुढे एक लहानशी गोल खूण लागायची. खोली त्याच्या हातात. नको असलेल्याला बाहेर काढायचा अधिकार त्याचा. आम्ही पहिल्या बसनं निघायचो, त्यामुळे ती खूण बहुतेक वेळा आमच्याच नावापुढे असायची. आजोबांना त्याचा अभिमान वाटायचा, पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

“नंदू, आपन सारे उठलो का मंग हे खोली कुठी जाते?”

“कुठीच नाही काका. शेवटचा मानूस उठला का खोलीच नाही राह्यत.”

“अन् बोललेलं?”

“तेही नाही.”

आजोबांनी पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, “खळ्यावानी हाये हे.” पूर्वी पीक निघालं की शेतात जागा साफ करून, शेणानं सारवून खळं करायचे. तिथं मळणी व्हायची, माणसं बसायची, बोलायची, भांडायचीसुद्धा. हंगाम संपला की त्यावरून नांगर फिरायचा. खळ्यावरचं बोलणं कुणी गावात आणत नसे. हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं.

मला मात्र ती कल्पना सहन होईना. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई मी. शब्द डोळ्यांसमोरून वर सरकत जातात आणि कायमचे जातात, म्हणजे काय? दुसऱ्या रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन गेले. वर तारीख, खाली लाल रेघ, डावीकडे कोण, उजवीकडे काय. शेखर बोलायचा, आजोबा सांगायचे, मी एका हातानं टाइप करायची आणि दुसऱ्या हातानं उतरवायची. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, आणि मध्ये मी.

आजोबा सांगायचे, “लिव. सुडी लावली अन् वरून पानी आलं. ताडपत्री उडून पार नाल्यात गेली. म्या अन् सदा गड्यानं दोन घंटे वल्ल्या सुडीवर पसरून जागा धरली.”

मी टाइप केलं, सोयाबीनच्या ढिगावर पाऊस पडला, थोडं नुकसान झालं.

तिकडून शेखरचं आलं, “हे बाबा बोलले? आई, बाबांचं बाबांसारखं टाक.”

आजोबा इतके हसले की शोभा बाहेरून डोकावली. “पाह्य मास्तरीनबाई, तुह्यावालं मराठी पोट्ट्याले समजूनच नाही राह्यलं.”

ती वही आता माझ्यासमोर आहे. कागद पिवळा पडलाय, पानांच्या शिवणीत त्या वर्षीचं कुटार अजून अडकलेलं आहे. ‘जेवलास का’ बेचाळीस वेळा आहे. मोजलं, कारण मला मोजायची सवय आहे.

आता नंदूनंच केलेला ग्रुप आहे. ‘कामरगावचे सगळे’. त्यात एक्केचाळीस जण. मी त्याची निंदा करायला बसलेली नाही. जुन्या खोलीत माझी धाकटी बहीण सुलभा कधी येऊ शकली नाही, तिला इंग्रजी अक्षरं लागत नव्हती. आज ती आसेगावात चुलीपुढे बसून मोबाइलमध्ये बोलते आणि तिचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, मागे कुकरच्या शिट्टीसकट. जुन्या खोलीत कुणीही घुसू शकायचं; एकदा कुणी भलतंच नाव घेऊन आलं, घाणेरडं काही टाकलं, आणि त्या दिवशी आमच्याआधी आलेल्या नंदूनं नागपुरातून त्याला बाहेर काढेपर्यंत, शोभाला दिसू नये म्हणून, मी पडद्यावर वही धरून बसले होते. ग्रुपमध्ये ओमचा पहिला बर्फ पाहिला. अन्वीनं केलेली वाकडी पोळी पाहिली. हे मला कुठल्या वहीत मिळालं असतं?

पण ग्रुपला दार नाही. तिथं कुणी येत नाही आणि कुणी जात नाही. सगळे सदोदित आत. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या तरी जावयाचं अभिनंदन, संध्याकाळी सोयाबीनला हा रोग आहे का म्हणून पानाचा फोटो. एक्केचाळीस नावांची यादी कुठंतरी आत आहे, चार वेळा बोट लावलं की दिसते. पण बोलताना ती डोळ्यांसमोर नसते. डोळ्यांसमोर असतात ते बोलणारे. आणि बोलणारे नेहमी तेच चार-पाच. बाकीचे कुठं असतात? ऐकतात की नाही? खुणा दोन, मग त्या निळ्या, म्हणजे वाचलं. पण वाचून काय झालं, ते निळा रंग सांगत नाही.

तुमचे बाबा त्या ग्रुपमध्ये दोन वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

वहीत पाहून सांगते, सातवा रविवार होता तो. सोयाबीन घरात येऊन पडलं होतं, दिवाळी झालेली, शेतात नुसते खुंट आणि त्यांच्यामधून उगवलेलं हिरवं तण. शोभानं फराळाची ताटली टेबलावर ठेवली होती. रकान्यात दोनच नावं, आमचं आणि शेखरचं. नंदूची परीक्षा होती.

शेखरनं लिहायला सुरुवात केली. एक ओळ आली, मग बराच वेळ काही नाही, मग चार ओळी एकदम. मी मोठ्यानं वाचत होते आणि उजव्या हातानं उतरवत होते, सवयीनं, वर तारीख आणि लाल रेघ मारून. पहिली अर्धी ओळ उतरवली असेल, तेवढ्यात वहीवर हात आला. आजोबांचा. सोयाबीनच्या खुंटांनी ओरखडलेला, बोटांच्या टोकांना काळपट डाग पडलेला.

“हे नोको लिवू.”

“अहो, पण मग हे राहणार नाही.”

“नाहीच राह्यलं पाह्यजे.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, तरी ते त्या ओळी वर सरकताना बघत होते, जशी काही ती त्यांच्या मुलाची पाठ होती. मग म्हणाले, “लिव त्याले. बाप बसून हाये, तू बोल. अन् माह्याच शब्दात लिव.”

मी तसंच लिहिलं. एक अक्षरही सुधारलं नाही.

शेखर काय बोलला, ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्या वेळी ते त्याच्यासाठी जगातलं सगळ्यात मोठं होतं, एवढंच. तास-सव्वा तास आम्ही बसलो. शेवटी तो म्हणाला, “आता बरं वाटतंय,” आणि त्याचं नाव रकान्यातून गेलं. मग आम्ही उठलो आणि खोली मोडली. आजोबांनी माझ्या हातातलं पेन घेऊन ती अर्धी ओळ खोडली. नुसती खोडली नाही, कागद फाटेपर्यंत गिरवली. परतीच्या बसमध्ये ते एकच वाक्य बोलले, “घरी गेल्यावर कोनी इचारलं तं म्हन, तब्येत बरी हाये त्याची.”

कुणालाही कळलं नाही. नंदूला नाही, पुढे तुमच्या आईलाही माझ्याकडून नाही. शेखरनं शिक्षण पुरं केलं, परत आला, पुण्यात राहिला, लग्न केलं, तुम्ही झालात. आजोबांना जाऊन आता नऊ वर्षं होतील. ते पान मात्र आहे. वर तारीख, लाल रेघ, एक गिरवलेली जागा आणि खाली सगळं कोरं.

हे सगळं मला पोळ्याच्या दिवशी आठवायला हवं होतं.

पोळ्याच्या सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर तुझं लिहिलेलं दिसलं, अन्वी. ते लांब होतं. तू दोन महिने विद्यापीठात गेली नव्हतीस, अभ्यासक्रम सोडला होतास, एका बेकरीत काम करत होतीस, आणि तुला पहिल्यांदा झोप लागत होती. खाली लिहिलं होतंस, ‘आजी, फक्त तुला सांगतेय. आईबाबांना मी दिवाळीत येऊन समोर बसून सांगणार आहे. तोवर तू धर.’

मी धरलं. दुपारी बारापर्यंत धरलं. पुरण शिजत होतं, नंदूच्या अंगणात बैल उरले नाहीत म्हणून ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालत होते, आणि मी चुलीपासून देवघरापर्यंत ते ओझं घेऊन फिरत होते. तेवढ्यात ग्रुपवर सुलभा आली, नंदू आला, नंदूची बायको आली, सुलभाची सून आली. कुणाचं पुरण सैल झालं यावर हसणं चाललं होतं. पटापट, एकामागून एक, जुन्या खोलीसारखं. सुलभानं सहज विचारलं, “अन्वी कशी आहे गं? बारीक दिसते फोटोत.”

आणि मी लिहिलं. सगळं लिहिलं. ‘तुम्हा चौघांतच ठेवा’ असंही खाली लिहिलं.

चौघांत! मुलांनो, मी वेडी नाही. ग्रुपमध्ये एक्केचाळीस जण आहेत हे मला ठाऊक होतं, जसं आकाशात तारे दिवसाही असतात हे ठाऊक असतं. पण माझ्या हातांना जुनी सवय होती. जो बोलतो तो खोलीत आणि जो गप्प तो नाही. तुझे बाबा दोन वर्षं बोलले नव्हते, म्हणजे ते तिथं नव्हते. तू ग्रुपमध्ये आठवडे-आठवडे दिसत नव्हतीस, म्हणजे तूही नव्हतीस. माझ्या डोळ्यांसमोर चार माणसं बसली होती आणि मी त्यांच्या कानाशी बोलले. जगात दुसऱ्या कुणी अशी चूक केली असेल का, मला माहीत नाही. ज्यांनी जुनी खोली पाहिलीच नाही ते करणार नाहीत.

दहा मिनिटांनी मला ती एक्केचाळीस नावांची यादी आठवली. मी ती ओळ दाबून धरली, काढून टाकण्याची खूण आली, जे पहिलं दिसलं ते दाबलं. ओळ गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी पोळ्या लाटायला बसले. अठरा पोळ्या झाल्या. एकही फुटली नाही.

संध्याकाळी शेखरचा फोन आला. तो ओरडला नाही. म्हणाला, “आई, हे खरं आहे का?” आणि मला कळेना की तो कशाबद्दल विचारतोय, कारण मी तर ते पुसून मोबाइल बाजूला ठेवला होता.

मी चपला न घालता नंदूकडे गेले. त्यानं आपला मोबाइल दाखवला. माझं लिहिलेलं जसंच्या तसं होतं, आणि त्याखाली हात जोडल्याच्या खुणा, ‘काळजी नका करू’, ‘आमच्या ओळखीत एक डॉक्टर आहेत’, ‘परदेशात एकट्या मुलीला पाठवूच नये’, ‘तरी मी म्हणतच होतो’.

“नंदू, मी तर पुसलं होतं रे.”

“काकू, ते तुमच्याच मोबाइलमदून पुसल्या गेलं. फक्त तुमच्यासाठी. बाकी साऱ्याइले दिसूनच राह्यलं.”

“मग तू पूस.”

त्यानं पुसलं. त्याला तो अधिकार होता. पण त्या जागी, इथं काहीतरी होतं आणि ते काढलं आहे, असं सांगणारी एक ओळ उरली. मग ज्यांनी वाचलं नव्हतं ते विचारू लागले, काय होतं? आणि ज्यांनी वाचलं होतं ते सांगू लागले. शिरपूरच्या माझ्या नणंदेला तिच्या वेगळ्याच ग्रुपवर ते मिळालं होतं. माझ्याच शब्दांत. ‘तुम्हा चौघांतच ठेवा’ यासकट.

नंतरचे दिवस मी तुझी माफी मागत होते, अन्वी. तुला वेगळं लिहिलं ते निळं झालं, उत्तर आलं नाही. मग मला वाटलं, चूक चारचौघांत झाली तर माफीही चारचौघांत मागावी. म्हणून रोज सकाळी अंघोळ करून, शब्द निवडून, ग्रुपवर तुझं नाव घेऊन मी चार ओळी लिहायची. नऊ दिवस लिहिल्या. दहाव्या दिवशी नंदू आला, ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“काकू, आता लिवू नका.”

“का?”

“ते तं पोळ्याच्या दिवशीच निघाली ग्रुपमदून.”

“मला दिसलं नाही ते.”

“कोनालेच नाही दिसत. चुपचाप निघता येते आता. मलेच तेवढं कळते, मी ग्रुप चालोतो म्हून.”

“मग तू मला काहून नाही सांगितलं रे?” रागावले की माझ्याही तोंडी तुमच्या आजोबांची भाषा येते.

“तुमाले बरं वाटून राह्यलं होतं न लिहून.”

जुन्या खोलीत कुणी उठलं की सगळ्यांसमोर ओळ उमटायची. जाणाऱ्याचं जाणं सगळ्यांना सोसावं लागायचं. इथं जो आहे तो नाही असं समजून मी बोलले, आणि जी नाही ती आहे असं समजून नऊ दिवस बोलत राहिले. रिकाम्या खुर्चीपुढे, अडतीस-चाळीस माणसांच्या देखत.

शेखर म्हणतो, “ती बरी आहे आई. थोडा वेळ दे.” गेल्या आठवड्यात म्हणाला, “दिवाळीला येत नाही म्हणते.” मी विचारलं, “माझ्यामुळे?” तो म्हणाला, “थ्रेशरचा आवाज येतोय ना मागून?” तुझ्या बाबांना खोटं बोलता येत नाही, विषय बदलता येतो.

नंदूला मी विचारलं, ती जुनी खोली आता नसेलच ना. तो पोट धरून हसला. “हाये न काकू! कोनी जात नाही तिथी, पन हाये. त्या वाटा अजून चालू हायेत.” त्यानं आपला जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर मांडला, तीच पांढरी चौकट उघडली, गावाचं तेच नाव टाकलं. खोली नव्हती, म्हणून ती माझ्यापासून सुरू झाली, आणि ‘आजी’ या नावापुढे ती लहानशी गोल खूण लागली. उजवीकडच्या रकान्यात मी एकटी.

शेखरला फोनवर एवढंच सांगितलं, तिला कळव, दर रविवारी आपल्याकडच्या दोन वाजता आजी तिथं बसून असते. यायलाच पाहिजे असं नाही. तिथलं काही उरत नाही, हेही सांग.

पहिल्या रविवारी तास बसले. कुणी नाही. दुसऱ्या रविवारी वीज गेली. बाहेर परतीचा पाऊस घोंगावत होता, नंदू आणि त्याची बायको सुडी झाकायला पळाली होती, मी अंधाऱ्या पडद्यापुढे बसून राहिले.

परवा तिसरा. दोन वाजून दहा मिनिटांनी ओळ उमटली. कुणीतरी आत आलं. नाव म्हणून नुसती पाच-सहा अक्षरं, कशीही दाबल्यासारखी. ओम, तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार; तू नसणार. पण ती खोली जगातल्या कुणालाही उघडी आहे, हेही खरं. मी लिहिलं, ‘आजी बसून आहे.’ समोरचं माणूस लिहितंय की नुसतं बघतंय, हे तिथं दिसत नाही. दिसतं एवढंच की आहे.

नंदू दारात आला, अंगभर कुटार. “कोन हाये काकू?”

“माहीत नाही.”

“इचारा न मंग!”

“नाही.”

तो गेल्यावर, बऱ्याच वेळानं, तिकडून एक ओळ आली. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. वही उघडी होती, वर तारीख घातलेली, लाल रेघ मारलेली. मी पेन खाली ठेवलं. ओळ दोनदा वाचली. मग त्या बाजूचं नाव रकान्यातून गेलं, आणि गेलं म्हणून माझ्यासमोर उमटलं. सगळी मिळून बावीस मिनिटं.

संध्याकाळी नंदूनं विचारलं, “काय म्हने?”

“काही नाही,” मी म्हटलं. “तब्येत बरी आहे.”

दिवाळीला अजून बारा दिवस आहेत. अन्वी, तू येशील की नाही, मला माहीत नाही, आणि ही पत्रं त्याआधी पोचतील असंही नाही. ती ओळ तुझी होती का, तेही विचारत नाही. वहीत त्या दिवसाची तारीख आहे आणि लाल रेघ आहे. त्याखाली मी काही लिहिलेलं नाही.